घंटेची शेपटी

"सरका, सरका! वाऱ्याला वाट द्या!"

वाऱ्याला वाट द्यायला कुणी तयार नव्हतं. वस्तीच्या टोकाला, जिथे घरं संपतात आणि वाळू सुरू होते, तिथे भर दुपारी दीडशे माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभी होती. डोळ्यांत वाळू, दातांत वाळू, कानांत वाळू, आणि तरी सगळ्यांच्या माना वर. वर होता एक लाकडी खांब, खांबावर चिनी मातीची वाटी, वाटीवरून आलेली तार आणि तारेच्या टोकाला लोंबणारी पितळी घंटा. तार जुनीच होती. एके काळी तिच्यातून लोक लांबच्या माणसांशी बोलायचे. पुढे खिशातले फोन आले आणि सात खांबांवरची ती तार तिथेच विसरली गेली. घंटा मात्र नवी होती. ती ठिणगीबाबांनी आणली होती.

"वारा कुणाचा मेव्हणा नाही!" ठिणगीबाबा गर्जले. "वारा कुणाचा जावई नाही! वारा वशिला जाणत नाही! अरे, अख्खं वाळवंट ओलांडून तो कशाला येतो? तुमच्या मनातला मळ हुंगायला येतो! या, गिरणीवाले, पुढे या!"

पिठाच्या गिरणीचा मालक पुढे आला, तो घाबरूनच. त्याने बोट घंटेजवळ नेलं. अजून चार बोटांचं अंतर होतं तोच 'चट्ट!' अशी निळी ठिणगी उडाली आणि गिरणीवाला आपल्याच मागच्या माणसाच्या मांडीवर बसला.

"सांगतो, सांगतो! दळणातलं मूठभर काढून ठेवतो मी!"

गर्दीने 'हाऽऽ' केलं. खरं तर हे पाप वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण घंटेने सांगितलं म्हटल्यावर त्याला वजन आलं.

मग बाबांनी तांब्या उचलला. घंटेच्या लोलकापासून जमिनीतल्या खुंटीपर्यंत सुतळीचा एक जाड गोफ सोडलेला होता. त्या गोफावर वरून खालपर्यंत त्यांनी शांतीजल ओतलं आणि शिंप्याच्या बायकोला बोलावलं. तिने कालच बाबांच्या तंबूत सायीसकट दूध आणि नवी गोधडी पोचती केली होती. तिने बोट लावलं. काही नाही. तळहात टेकवला. काही नाही. मग तर तिने घंटा गालाला लावून घेतली.

"निर्मळ!" बाबा म्हणाले.

"निर्मळ!" दीडशे माणसं म्हणाली.

गर्दीच्या अगदी मागे, रबरी तळव्यांचे जाड बूट घातलेली एक तरुण बाई उभी होती. तिने 'निर्मळ' म्हटलं नाही. तिची नजर घंटेकडे नव्हतीच. पुढे तिच्या सासूबाईंच्या खांद्यावरून एक पाच महिन्यांचं टक्कल डोलत होतं, त्याच्याकडे होती.

*

तिला घरात सूनबाई म्हणत आणि कामावर चाळणवाली. वस्तीतला एकच कारखाना, तो वाळू चाळण्याचा. काच बनवणाऱ्यांना लागते तशी बारीक, एकसारखी वाळू तिथे वेगळी काढतात आणि ट्रक भरून पाठवतात. तिचा नवरा असाच एक ट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. घरी राहायच्या सासू, सून आणि पिटुकली.

पिटुकलीचं टक्कल, तिच्या हनुवटीखालची दुधाचा वास येणारी घडी, झोपेत आवळलेली मूठ, हे सगळं सूनबाईला डोळे मिटून सांगता आलं असतं. सांगावंच लागत होतं आताशा, कारण नऊ दिवस तिने पिटुकलीला हात लावला नव्हता.

झालं होतं असं. बाळंतपणाची रजा संपून ती कामावर जायला लागली आणि त्याच सुमारास कोरडा वारा सुटला. दुपारच्या सुट्टीत ती वाळूच्या मैदानातून धापा टाकत घरी यायची, दारातूनच हात पुढे करायची, आणि बोट पिटुकलीच्या गालाला लागलं की 'चट्'. पिटुकली किंचाळायची. सासूबाईंनी घेतली की गप्प. एकदा झालं, दोनदा झालं, पाचव्यांदा सासूबाई तिला घंटेकडे घेऊन गेल्या.

बाबांच्या मनात सूनबाईबद्दल आधीपासून अढी होतीच. पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "ही वाळू म्हणजे देवाचा श्वास आहे!" तेव्हा ही मागून हसून बोलून गेली होती, "मग बाबा, मी दिवसाला चाळीस घमेली श्वास चाळते." लोक हसले होते. बाबा नव्हते हसले.

त्यामुळे तिला सगळ्यांत आधी उभी केली. चट्ट! मग शांतीजल, मग सासूबाई. काही नाही.

"आईच्या हातात आग आहे," बाबांनी डोळे मिटून सांगितलं. "वारा पडेपर्यंत, म्हणजे तीन महिने, या हाताची सावली बाळावर नको."

"तीन महिने? अहो, ती अंगावर पिते!"

"वाटीने पाजा."

सासूबाई वाईट नव्हत्या. नात किंचाळली की त्यांच्याच डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून तर घाबरल्या होत्या. त्यांनी खाट मधल्या खोलीत नेली, मधे पडदा लावला. रोज दोनदा सूनबाई पडद्याअलीकडे बसून दूध काढून वाटी भरायची आणि पडद्याखालून सरकवायची. पलीकडे पिटुकली चमच्याशी भांडायची. सूनबाईची छाती तिच्या आवाजाने भरून यायची, पदर ओला व्हायचा. लंगोट धुवायचं काम मात्र तिच्याकडेच राहिलं होतं. बाबांनी बंदी बाळाला हात लावायची केली होती, लंगोटांना नव्हती.

आणि आता आज सकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "उद्याच्या गाडीने मी पोरीला घेऊन तिच्या आत्याकडे जाते. तोवर वरचं दूध पाजीन, तीन महिन्यांनी येऊ. पडद्याआडून तू रडतेस, ती रडते, मला दोघींचं बघवत नाही."

"आई, तीन महिन्यांनी ती मला ओळखेल का?"

सासूबाई पिटुकलीची टोपडी मोजून गाठोड्यात भरायला लागल्या.

*

दुसऱ्या दिवशी गाडी संध्याकाळची होती. सूनबाई सकाळी कामावर गेली, कारण घरी बसून त्या गाठोड्याकडे बघत राहण्यापेक्षा वाळू बरी.

चाळणीच्या शेडमध्ये वरून एक भलंमोठं लोखंडी नरसाळं खाली येतं. ते लाकडी चौकटीवर बसवलेलं आहे. त्यातून वाळू सळसळत चाळणीवर पडते. नरसाळ्याच्या ओठाला गोणपाटाची एक लांब पट्टी बांधलेली असते, तिचं टोक जमिनीवर लोळतं. तिला सगळे शेपटी म्हणतात. कोरड्या दिवसांत वाळू सोडण्याआधी शेपटी पाण्याने भिजवायची, हा शेडचा रिवाज. पूर्वी तिथे लोखंडी साखळी होती, ती कुणीतरी घरचं फाटक बांधायला नेली आणि तेव्हापासून गोणपाटावर भागलं. न भिजवता कुणी वाळू सोडली, तर नरसाळं हाताला असं काही डसतं की माणूस दोन दिवस डाव्या हाताने जेवतो. दर मोसमात एखादा नवा कामगार विसरतोच, आणि त्याचं नाचणं बघायला सगळे काम टाकून येतात.

त्या दिवशी विसरली सूनबाई. सहा वर्षं काम केलेली बाई!

चट्ट!

"अगं पोरी!" मुकादम ओरडला. म्हातारा, तोंडात कायम लवंग, आवाज भोंग्यासारखा. "शेपटी ओली केलीस का?"

"नाही, काका."

"मग डसणारच की! कोरडी वाळू म्हणजे तापट माणूस. घासली जाते, घासली जाते, आणि कुणावर तरी सगळं काढते. तिला वाट करून द्यावी जमिनीत जायला. ओल असली की राग आपला आपण उतरतो. किती वर्षं सांगतोय!"

खरंच किती वर्षं सांगत होता. त्यामुळेच कुणी ऐकत नव्हतं. सूनबाई हात चोळत त्या कोरड्या शेपटीकडे बघत राहिली. लोखंडाला बांधलेलं गोणपाट, टोक जमिनीवर. वरून कोरडं असलं की चट्ट. ओलं केलं की...

"काका," ती हळूच म्हणाली, "बाबांच्या घंटेला गोफ कशाला आहे?"

"शोभेला असेल."

"मग ते त्याच्यावर पाणी का ओततात?"

मुकादमाची लवंग दाढेखाली थांबली.

"आणि ओतल्यावर नंतर कुणी पापी का निघत नाही? आठवा की! पापी नेहमी आधी, निर्मळ नेहमी नंतर. रांग बाबा लावतात. आणि दरबार फक्त दुपारी. सकाळी वाळूवर दव असतं तेव्हा म्हणतात, वारा ध्यानाला बसलाय." ती आता भराभर बोलत होती. "आणि काका, पहाटे कधीच नाही! पहाटे मी पिटुकलीला घेत होते तेव्हा एकदाही चट्ट झालं नाही. मी विसरूनच गेले होते. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी..."

मुकादमाने लवंग थुंकली.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," तो म्हणाला. "तीस वर्षं मी शेपटी भिजवतोय, आणि परवा त्याच घंटेपुढे हात जोडून आलो. मलाही निर्मळ म्हटलं त्याने. मी त्याला पायमोजे दिले, पोरी. लोकरीचे!"

*

त्याच दुपारी, निघण्याआधी बाबांचा निरोप घ्यायला सासूबाई पिटुकलीला घेऊन दरबारात आल्या होत्या. वारा जोरात होता. तार गुणगुणत होती. बाबा रंगात होते.

"बाबा," गर्दीतून वाट काढत सूनबाई पुढे आली, "माझी पोरगी चाललीय. तिच्यासमोर एकदा परत परीक्षा घ्या. पण आज आधी आई हात लावतील, मग मी."

"क्रम वारा ठरवतो!"

"मग वाराच ठरवू दे. वाऱ्याला काय फरक पडतो? आई तर निर्मळच आहेत ना?"

'नाहीत' म्हणावं तर गेल्याच आठवड्यात त्यांची निर्मळता जाहीर केलेली. बाबांनी झटकन तांब्या उचलला. "अवश्य! आधी शांतीजल..."

"जल नंतर," मुकादमाने तांब्या धरला. "निर्मळ माणसाला साबण कशाला?"

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. सासूबाईंना ते लागलं. आयुष्यभर कुणाच्या भाजीला वाकडं बोलल्या नव्हत्या त्या, ही काय रीत झाली! पिटुकलीला शेजारणीकडे देऊन त्या तरातरा पुढे गेल्या आणि बोट घंटेकडे नेलं.

चट्ट!

"अगंऽऽ बाई गं!"

दीडशे माणसांनी आ वासला तो वाळू आत जाईपर्यंत मिटला नाही.

"सासूने सुनेचं पाप पोटात घातलं!" बाबा तत्काळ म्हणाले. शब्द फिरवायला त्यांना श्वासही घ्यावा लागत नसे. "बघा, बघा मायेची थोरवी!"

"मग मुकादमांनी कुणाचं घातलं?" सूनबाईने विचारलं. मुकादमाने तोवर हात पुढे केलाच होता. चट्ट! त्यानंतर चहावाला. चट्ट! त्यानंतर शिंप्याची निर्मळ बायको, जी किंचाळून म्हणाली, "माझी गोधडी परत द्या!"

"आता तुम्ही, बाबा."

"मी न्यायाधीश! वैद्य कधी स्वतःला सुई टोचून घेतो का?"

"घेतो की," दवाखान्यातला कंपाउंडर मागून म्हणाला. "दर वर्षी."

नेमक्या त्याच क्षणी पिटुकलीने आपल्या परीने मत नोंदवलं. शेजारीण "ई!" म्हणून ओरडली. सासूबाई बोट चोखत वळल्या, सवयीने लंगोट सोडला, कोरडा बांधला आणि ओला तितक्याच सवयीने सुनेच्या हातात दिला. "हा तेवढा धर."

सूनबाईने तो धरला. चांगला ऊनऊन, पिळता येईल इतका भिजलेला. तिने एकदा लंगोटाकडे पाहिलं, एकदा गोफाकडे.

मग ती खाली बसली आणि तो लंगोट गोफावर खुंटीपासून लोलकापर्यंत घासत नेला. उरलेलं गोफावरच पिळलं. हात पदराला पुसला, उभी राहिली आणि घंटा मुठीत गच्च धरली.

काही नाही.

तिने घंटा वाजवली. ठण, ठण, ठण. तार गुणगुणत होती, वाळू सपासप आपटत होती आणि घंटा शेळीसारखी गरीब झाली होती.

"आई, या. आता लावा हात."

सासूबाईंनी एक डोळा मिटून लावला. काही नाही. मुकादम, चहावाला, शिंपीण. काही नाही. गिरणीवाला तर दोन्ही हातांनी लोंबकळला. "मीसुद्धा निर्मळ!"

"बालमूत्र!" गर्दीतून एक भक्त सद्गदित होऊन ओरडला. "अजाण लेकराचं पवित्र बालमूत्र! बाई, थोडं मिळेल का घरी न्यायला?"

"आता एका बाबाच्या जागी दुसरा बाबा नको, हात जोडते!" सूनबाईला हसू आवरेना. नऊ दिवसांत पहिल्यांदाच हसली ती. "थांबा थोडं. गोफ सुकू दे आधी."

कोरड्या वाऱ्यात गोफ वाळायला वेळ लागला नाही. वाळल्यावर चहावाल्याने बोट पुढे केलं. चट्ट. मग त्याच्याच किटलीतला तळाचा गार चहा गोफावर ओतला. घंटा गप्प.

"घ्या. माझ्या चहातही देव आहे," चहावाला म्हणाला. "तुम्हीच म्हणत होता ना, पाणीच जास्त असतं म्हणून?"

"पाणीच लागतं नुसतं," सूनबाई म्हणाली. चारचौघांत एवढं लांब बोलायची तिला सवय नव्हती. पण पिटुकली तिच्याकडे बघत होती. "शेडमधले निम्मे लोक इथे आहेत. शेपटी कोण भिजवत नाही तुमच्यात? उडत्या कोरड्या वाळूचा कण कणाला घासतो, तारेवर आपटतो. त्यातून वीज साचते. ती जायला बघते जमिनीत, पण खांबावर चिनी मातीची वाटी आहे, तिथून तिला वाट नाही. गोफ कोरडा असला तर तिथूनही नाही. मग जो बोट पुढे करेल त्याच्या अंगातून ती जाते. पापी असो की निर्मळ. गोफ भिजवला की ती गुपचूप त्याच्यातून उतरते. पहाटे वाळूच दवाने ओलसर असते, तेव्हा ती साचतच नाही फारशी. पावसाळी हवेतही नाही. म्हणून बाबांचा वारा फक्त कोरड्या दुपारी न्याय करतो."

"मग पिटुकलीला तुझाच हात का डसायचा?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

सूनबाईने पाय पुढे केला. "हे बूट, आई. कारखान्याचे. तळवा रबराचा. मैदानातून येताना वाळू माझ्याही अंगावर आपटते, आणि रबरातून वीज उतरत नाही. ती घेऊन मी तशीच धावत यायची आणि आधी हात लावायची तो पिटुकलीला. तुम्ही घरात अनवाणी, हात कायम धुण्याभांड्यात ओले. तुमच्या अंगावर ती साचणार कुठून?"

सगळ्यांना एकदमच आठवलं, की ही गोष्ट त्यांना ठाऊक होती. शेडमध्ये ती मुकादमाची कटकट होती. इथे तीच घंटेला बांधून आली, तर चमत्कार झाली.

गिरणीवाला म्हणाला, "म्हणजे मी उगाच कबूल केलं?"

"ते मात्र बरं केलंस," चारपाच जण एकदम म्हणाले.

बाबा एव्हाना तंबूच्या दोऱ्या सोडत होते. दोघा-तिघांनी बाह्या सावरल्या, पण मुकादम मध्ये उभा राहिला.

"मारायचं नाही कुणी. हात आपणच जोडले होते, त्याने बांधले नव्हते." मग बाबांकडे वळून, "महाराज, शेडवर शेपटी भिजवायला एक माणूस हवाय. तुमचा हात बसलेला आहे. पण पायमोजे काढून यावं लागेल. ते माझे आहेत."

*

बाबा काही कामावर आले नाहीत. घंटा न्यायलाही ते थांबले नाहीत. ती आता शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीला वाजते, आणि सुतळीचा तो जाड गोफ नरसाळ्याला बांधलाय. गोणपाटापेक्षा ओल जास्त वेळ धरतो, असं मुकादमाचं मत आहे.

गाठोडं त्याच संध्याकाळी सुटलं. सूनबाईने उंबऱ्याबाहेर बूट काढले, दारातल्या बादलीत पाय बुडवले, ओला हात दाराच्या लोखंडी कडीला लावला. मग आत आली. पडदा सासूबाईंनी आधीच काढून धुवायला टाकला होता. त्या पिटुकलीला घेऊन उभ्या होत्या आणि कान देऊन ऐकत होत्या.

सूनबाईने बोट गालाला लावलं.

पिटुकलीने ते पकडलं आणि थेट तोंडात घातलं. नऊ दिवसांचा हिशेब चुकवायचा असावा, कारण हिरड्यांनी ती असं काही चावली की सूनबाई "आई गं!" म्हणून ओरडली.

"डसली?" सासूबाई दचकल्या.

"डसली. पण ही वेगळी."

दोघी हसल्या, मग एकीने डोळे पुसले, मग दुसरीनेही. पिटुकली छातीशी गेली आणि घरात बराच वेळ फक्त तिच्या पिण्याचा आवाज येत राहिला.

कोरडा वारा पुढच्या वर्षीही येईल. त्याच्याबरोबर दुसरा कुणी बाबा येईल, घंटेऐवजी आणखी काही टांगेल. टांगू द्या. फक्त तुमच्या लेकराला तुमच्यापासून कुणी दूर करत असेल, तर कबूल करण्याआधी एवढंच करा: निर्मळ माणसाला आधी पुढे करा, आणि खाली वाकून बघा, शेपटी कुठे आहे.